जात्या, तिला सांग

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. काळ्या दगडाच्या दोन तळ्या आणि वर एक खुंटा, एवढाच माझा बडेजाव. वालूरकडच्या एका पाथरवटाने मला घडवलं आणि मेंढरं राखणाऱ्या एका घरात मी आलो. तेव्हा तीस माणसांचं पीठ मी एका दमात दळायचो. थोडं वाढवून सांगतोय, पण म्हाताऱ्याला तेवढी सूट असावी.

मग गावात विजेची गिरणी आली. माझ्या सोबतची जाती कुणाच्या पायरीला लागली, काही उकिरड्यावर गेली. मला मात्र घरच्या धाकट्या सुनेने, बायनाबाईने, टाकू दिलं नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात मी पडून राहिलो आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. फार वाईट वाटायचं.

बायनाबाईचा नवरा वारला. त्या दुःखात ती दर रविवारी सेलूला प्रार्थनेला जाऊ लागली आणि येशूची झाली. गेल्या वर्षी खंडोबाच्या जागरणाला ती बसली नाही. तेव्हा तिच्या थोरल्या दिराने, माणिकरावांनी, भाऊकी जमवली. हिच्याशी कुणी बोलायचं नाही, हिचं दळण गिरणीत घ्यायचं नाही, असं ठरलं. माणिकराव मुळात वाईट नव्हते. धाकट्या भावाचा देव्हारा रिकामा झाला हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. पण तो राग एका बाईच्या भाकरीवर काढावा, हे मला दगडालाही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओढून बाहेर काढलं. माझे दात पार झिजले होते. छिन्नी घेऊन तिने स्वतःच मला टाकी लावली, तळहाताला फोड येईपर्यंत.

जातं ओढायला दोघी असल्या की बरं. ती एकटीच बसायची. समोरची जागा रिकामी. दळताना ओवीच्या चालीवर ती म्हणायची, "देवा, तुझी वाघर घाल माझ्याभवती." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी, लांडगा आत येऊ नये म्हणून. कधी कधी रागाच्या भरात "त्यांचं वाटोळं कर" असंही तिच्या तोंडून निघायचं. मग ती थांबायची आणि वाघरीची ओळ पुन्हा पहिल्यापासून धरायची. चार महिने त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज मी ऐकला नाही.

आणि एका दुपारी तिची थोरली जाऊ, माणिकरावांची बायको अंबाबाई, दारात उभी राहिली. बायनाबाईशी बोलायला बंदी. म्हणून ती माझ्याकडे बघून बोलली.

"जात्या, माझ्या राजेश्रीची हळद हाय सोमवारी. गावात दुसरं जातं ऱ्हायलं न्हाई. येशील का रं?"

बायनाबाईनेही माझ्याकडेच बघून उत्तर दिलं. "जात्या, सांग जाऊबाईला, पोरीच्या हळदीला न्हाई कसं म्हनू? पर लगीन झालं की धाडा म्हनावं. घरात चार दिसांचंच पीठ हाय."

"जात्या, लगीन झालं की दुसऱ्याच दिवशी आणून टाकते. पोरीची शप्पथ."

दोघींचे डोळे भरले होते. मी मध्ये, मुकाट. मी गेलो तर बायनाबाईची चूल बंद पडणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी तिने मला जाऊ दिलं.

हळदीला मला सुपारी बांधली, कुंकू लावलं, पाच जणींनी गाणी म्हणत हळद दळली. किती वर्षांनी एवढं कौतुक! विधवा बायनाबाईला हळदीला एरवीही कुणी बोलावलं नसतं, तरी तिच्यावाचून त्या गाण्यांत माझं मन लागेना.

लग्न पार पडलं. अंबाबाईने मला परत पाठवायचं म्हटलं, तर माणिकराव म्हणाले, "कशाला? चार दिस उपाशी ऱ्हायली की येईल वळणावर."

लग्नानंतर आठव्या दिवशी ते मेंढरांकडे गेल्यावर अंबाबाई माझ्यासमोर ज्वारी घेऊन बसली. गिरणी दोन घरं सोडून असताना! पण तिथे गावाचे डोळे असतात. पीठ पदराखाली घेऊन ती निघाली आणि थोड्याच वेळात रडत आली. मलाच सांगू लागली.

"जात्या, पार वाळलीय रं ती. गुडघ्यावर बसून देवाला मागायली व्हती. मला वाटलं, आमाला शिव्याशाप देत असंल. तर माझ्या राजेश्रीचं नाव घ्यायली व्हती. यांचंबी, माझंबी. तुझी वाघर या समद्यांभवती घाल, म्हनली. मी पीठ उंबऱ्यावर ठिवलं अन् पळत आले."

आजही अंबाबाई चोरून दळते आणि पीठ त्या उंबऱ्यावर जातं. शब्द मात्र जात नाही. बायनाबाई जिवंत आहे, प्रार्थना करते, एवढंच मला कळतं. इथे अंबाबाईच्या समोरची जागाही रिकामीच असते. दळता दळता ती मला म्हणते, "जात्या, तिला सांग, मी चुकले."

मित्रांनो, मला वर्षातून एकदा टाकी लावा, कोरडं ठेवा, एवढी माझी काळजी पुरे. पण तुमच्या गावात एखाद्या दाराशी बोलणं बंद असेल, तर तुमचा निरोप माझ्यासारख्या दगडाजवळ ठेवू नका. मला त्या दारापर्यंत चालत जाता येत नाही. तुम्हाला येतं.