बिनखताचा वाफा

आमच्या शाळेत नववीला शेती हा विषय आला तो राज्य सरकारच्या एका निर्णयाने, आणि माझ्या गळ्यात पडला तो हेडसरांच्या एका वाक्याने. "बाई, तुमच्या गॅलरीत कुंड्या आहेत ना?"

कुंड्या होत्या. एक कोरफड सोडली तर बाकी सगळ्यांनी माझ्या हातून केव्हाच मुक्ती मिळवली होती, पण ते सरांना कोण सांगणार? मी गणिताची. शाळेत मुली कमी झाल्या आणि गणिताच्या दोन शिक्षकांतली मी अतिरिक्त ठरले. अतिरिक्त माणसाने कुंड्या नाकारायच्या नसतात.

सरकारचं म्हणणं असं, की शेती शिकायला शेतकऱ्याच्याच घरी जन्म घ्यायला हवा असं काही नाही. शहरातल्या मुलींनाही ती शिकवावी, आणि पुढे कृषी पदविकेला त्यांच्यासाठी जागा ठेवाव्यात. आधी एक हंगाम वर्ग चालवून बघायचा, मग अधिकारी येऊन तपासणार. पसंत पडला तर वर्ग कायम आणि माझी जागाही कायम. नाही पडला तर वर्ग बंद, आणि माझी बदली अशा गावी, जिथून रोज घरी परतणं शक्यच नव्हतं. नवरा कारखान्यात पाळीवर, सासरे दिवसभर एकटे. थोडक्यात, माझा संसार मक्याच्या दोन वाफ्यांवर टांगलेला होता.

हे वाफे सायकल स्टँडच्या मागे. सरकारने बी पाठवलं, खताचं पोतं पाठवलं आणि दोन पाट्या पाठवल्या. उजवा वाफा खताचा, डावा बिनखताचा. बी तेच, पाणी तेवढंच, ऊनही तेच. फरक फक्त एका गोष्टीत ठेवायचा, म्हणजे त्या गोष्टीने काय होतं ते कळतं. हे मात्र मला मनापासून आवडलं. दर शुक्रवारी मुली टेप घेऊन उंची मोजायच्या आणि स्टँडच्या भिंतीवरच्या मोठ्या कागदावर दोन रेघा पुढे न्यायच्या. महिन्याभरात उजवा वाफा तरारला आणि डावा पिवळा पडून खुरटला. कुणाच्या अशक्तपणाचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

तेवढ्यात सरकारचंच पत्र आलं, शेती शिकवणाऱ्या शिक्षकांचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण. शिपाई आजारी, मुलींना परीक्षा. पाणी कोण घालणार?

"मी आहे की," आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वसतिगृहाच्या मेसमध्ये आचारी म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यापासून त्यांना हाताला काम नव्हतं, आणि माझ्या स्वयंपाकघरात मी त्यांना फिरकू देत नव्हते, कारण ते चार माणसांची भाजी चाळीस माणसांच्या अंदाजाने करायचे. मी त्यांना वाफे दाखवले, पोतं दाखवलं, तीनतीनदा बजावलं, "उजव्याला खत आणि पाणी. डाव्याला फक्त पाणी. कळलं ना, आप्पा?"

"अगं, न कळायला काय झालं?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं होतं. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच.

प्रशिक्षण चांगलं होतं, हे कबूल करायला मला जड जातं. एक अख्खा दिवस तर बिनखताचा वाफा जपावा कसा यावरच होता. मी शनिवारी परतले ती थेट शाळेत गेले. अधिकारी सोमवारी यायच्या होत्या.

डावा वाफा हिरवागार होता. नुसता हिरवा नव्हे, उजव्यापेक्षा गर्द हिरवा. उंचीतही जेमतेम वीतभर कमी. मला वाटलं, पाट्या बदलल्या असतील. मग मी खोलीत पोतं बघायला गेले, आणि पोत्यात मला माझा डाव सापडला, लांब दांड्याचा, स्टीलचा, जो जायच्या आधी मी घरभर शोधत होते.

घरी जाऊन मी तो डाव आप्पांसमोर आपटला. "हे काय?"

आप्पांनी डावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आठवडाभर तू सांगितलंस तसंच केलं ग," ते म्हणाले. "पण मला ते बघवेना. एका पंगतीत बसवायचं, एकाला वाढायचं आणि शेजारच्याला नुसतं पाणी? जन्मभर मी असा पंक्तिप्रपंच केला नाही. मेसमध्ये पैसे थकलेल्या पोराचं ताटसुद्धा मी रिकामं ठेवलं नाही."

"आणि उजव्यापेक्षा जास्त हिरवा कसा झाला?"

"उपाशी होता ना. त्याला दोन डाव जास्त."

मी खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. माझी नोकरी, माझी बदली, तुम्ही एकटे काय करणार, सगळं काढलं. आप्पा उठून आपल्या खोलीत गेले. जेवायलाही आले नाहीत. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं तो माझ्यामुळे उपाशी झोपला, आणि माझा राग तरीही उतरला नाही.

हेडसरांना फोन केला तर ते म्हणाले, "घाबरू नका बाई. माझ्या ओळखीचा एक नर्सरीवाला आहे." रविवारी सकाळी शाळेत सर हजर, आणि त्यांच्यामागे खुरट्या, पिवळ्या मक्याची रोपं टेम्पोत भरून नर्सरीवाला. डाव्यातली काढायची, ही लावायची, तासाभराचं काम. मी हो म्हणून बसले होते. फावडं जमिनीला लागणार, एवढ्यात भिंतीवरच्या त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. सोमवारी मुली तोंडाने गप्प बसल्या असत्या, पण मनात काय म्हणाल्या असत्या? दुसरीचं उत्तर उतरवलं म्हणून याच पोरींचे मी कान धरले होते.

"घेऊन जा ही रोपं," मी म्हणाले.

"बाई, बुडवणार तुम्ही आपल्याला," सर म्हणाले.

"बुडले तर मी बुडेन, सर. तुम्ही काठावरच आहात." असलं काही तोंडातून गेलं की मग रात्रभर झोप लागत नाही.

सोमवारी मॅडम आल्या. बुटकी, उन्हाने रापलेली बाई, पायात चिखलाचे बूट. चहा नको म्हणाल्या आणि सरळ वाफ्यांकडे चालू लागल्या. मुली दोन रांगांत उभ्या. सायकल स्टँडच्या कडेला आप्पाही येऊन बसले होते, शेजारी तो डाव ठेवून. मी बोलावलं नव्हतं, ते माझ्याशी बोलतही नव्हते.

मॅडमनी पाट्या वाचल्या, वाफे बघितले, परत पाट्या वाचल्या. सर घाम पुसायला लागले. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं आणि मुलींना विचारलं, "हा बिनखताचा ना? मग असा कसा?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पुढे झाली ती आमची शंकासुर. हे नाव मीच ठेवलं होतं, कारण मी फळ्यावर दोन अधिक दोन लिहिलं तरी ती हात वर करायची. "मॅडम, तो बिनखताचा नाही राहिला," ती म्हणाली. "भिंतीवर बघा, आमची परीक्षा लागली तोपर्यंत त्याची रेघ खालीच आहे. आज सकाळी मोजलं तर एकदम वर. शिवाय याच्या पानांची टोकं करपलीत, उजव्याची नाहीत. म्हणजे कुणीतरी खत घातलंय, आणि जास्त घातलंय."

मी वाकून बघितलं. टोकं खरंच करपली होती. दोन दिवस मी नुसती हिरवळ बघून कपाळ बडवत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी घातलं." आप्पा हात जोडून उभे होते. "बाईंचा यात काही दोष नाही, मॅडम. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. मला उपाशी वाफा बघवला नाही. शिक्षा मला करा, पण माझ्या सुनेला लांब पाठवू नका. ती गेली तर घर खायला उठेल."

अख्खा शनिवार मी ज्यांना बोल लावले, ते उपाशीपोटी हे वाक्य जुळवत बसले होते.

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की स्टँडवरची एक सायकल आडवी झाली. खरं तर ती सरांनी पाडली, टेकायला गेले म्हणून. "किती घातलं, आजोबा?"

"अंदाजपंचे, दोन डाव जास्त."

"करपवलंत हो!"

आप्पांचा चेहरा पडला. आचाऱ्याला याहून वाईट शब्द नाही.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "मी कितीतरी शाळा बघितल्या. सगळीकडे उजवा वाफा उंच, डावा खुरटा, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. परवा एकीकडे डाव्यातलं रोप उपटून बघितलं, तर बुडाशी नर्सरीची काळी पिशवी तशीच! त्या मुलांना विचारलं, फरक कशाने पडला? तर म्हणाली, पाटीने." त्यांनी शंकासुरच्या पाठीवर थाप मारली. "सरकार बी देईल, खत देईल. हिच्यासारखी पोर पोत्यातून येत नाही. वर्ग चालू राहील, बाई. मी आजच तसं कळवते."

सर म्हणाले, "मी बाईंना पहिल्यापासून सांगत होतो, प्रामाणिकपणा सोडायचा नाही." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाफ्याच्या कडेच्या विटांवर मी बसकण मारली आणि शाळेतली बाई असून मुलींसमोर रडले. कुणी हसलं नाही. टेप मात्र कुणीतरी माझ्या हातात दिला, डोळे पुसायला रुमाल सापडला नसावा.

जाताना मॅडमनी सांगितलं, "पुढच्या हंगामात तिसरा वाफा करा. जास्त खताचा. आजोबांना द्या तो सांभाळायला. पण डावाने नाही, मापाने."

घरी परतताना आप्पा आणि मी एका रिक्षात, मध्ये तो डाव. "आप्पा," मी म्हणाले, "शनिवारी मी फार बोलले. चुकलं माझं."

"करपलं तर आचाऱ्याला बोलणारच," ते रिक्षाबाहेर बघत म्हणाले. मग हळूच विचारलं, "म्हणजे तू इथेच राहणार ना?"

"इथेच."

त्यांनी डाव उचलून मांडीवर घेतला.

त्या रात्री स्वयंपाक त्यांना करू दिला. चाळीस माणसांचा झाला. वाढायला मात्र मी बसले, त्याच डावाने, तीनदा घासून. आप्पांच्या ताटात एक डाव भाजी, मग दुसरा, मग ते नको नको म्हणत असताना तिसरा. शनिवारपासून त्यांनी नीट खाल्लं नव्हतं. नवऱ्याच्या ताटात भाताशेजारी पाण्याचा पेला सरकवला.

तो ताटाकडे बघत राहिला. "आणि मला?"

"तू बिनखताचा वाफा," मी म्हणाले. "कुणीतरी जपायला हवा ना."

आप्पांना इतका जोराचा ठसका लागला की मला पाठ थोपटावी लागली. मग त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि मी बघत असताना मुलाच्या ताटात भरभरून भाजी वाढली.