घराची दुरुस्ती चालू आहे

दुसऱ्यांचे प्रवास आखून आखून मी इतका विटलोय, की स्वतःच्या गावी जायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो. एकवीस वर्षं दुबईत काढली. त्यातली सोळा वर्षं बर दुबई भागातल्या एकाच बांधकाम कंपनीत, मोठ्या साहेबाचा सेक्रेटरी म्हणून. साहेब चार बदलले, माझं टेबल तेच राहिलं. प्रत्येकाची तिकिटं, व्हिसा, हॉटेलं, बायकोचे रुसवे आणि कुत्र्याचे कागद, सगळं माझ्याच गळ्यात.

चौथे साहेब म्हणजे मिस्टर लिओ. ऑस्ट्रेलियन, पण आडनाव इटालियन. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक कामाला इंजिनियरसारखं भिडायचा. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले की जूनमध्ये वडिलांना घेऊन गावी जायचंय. गाव इटलीत, दक्षिणेला, डोंगरावर. वडील नऊ वर्षांचे असताना आईबापांबरोबर बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेले, ते आता चौऱ्याऐंशीचे. डोळे चाललेले. डॉक्टर म्हणाला होता की हिवाळ्यापर्यंत उरलीसुरली नजरही जाईल. त्याआधी ज्या खोलीत जन्मलो ती खोली बघायची, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चला, अजून एक फाइल. म्हाताऱ्याला ऑस्ट्रेलियाहून थेट नेणं झेपणार नाही, म्हणून तीन दिवस दुबईत विश्रांती, मग रोम, मग गाडी. व्हीलचेअर, बिनमिठाचं जेवण, औषधांची चिठ्ठी. हे सगळं मी झोपेतही करू शकतो.

गावात आता कोण आहे ते साहेबांना ठाऊक नव्हतं. म्हणून तिथल्या नगरपालिकेला पत्र पाठवायचं ठरलं. मजकूर साहेबांनी सांगितला, मी टाइप केला. आजोबांचं घर सध्या कोणाच्या नावावर आहे, खोल्या किती, हद्द कुठपर्यंत, जुने कागद कोणाकडे आहेत, नकाशा असल्यास प्रत पाठवावी, मी जूनमध्ये वडिलांसह येत आहे. शारजाच्या एका मार्बल कंपनीत एक इटालियन बाई होत्या. त्यांनी भाषांतर करून दिलं. मी पाकीट चिकटवलं, कुरियरला एकशे दहा दिरहॅम दिले, म्हणजे आपले हजार रुपये, आणि विसरून गेलो. कोकणातला माणूस असून ते पत्र टाइप करताना माझा हात एकदाही अडखळला नाही. थकवा माणसाला किती आंधळा करतो, ते मला नंतर कळलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. आजोबांच्या धाकट्या भावाची नातवंडं त्या घरात राहत होती. मार्बल कंपनीतल्या त्या बाईंनी फोनवर मला पत्र वाचून दाखवलं आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. आपलं पत्र मिळून आनंद झाला. परंतु घराची दुरुस्ती चालू आहे, बसायलाही जागा नाही. पाहुण्यांचे हाल होतील. खालच्या शहरात चांगली हॉटेलं आहेत. वडिलांना नमस्कार.

उतरवता उतरवता माझी पेन्सिल थांबली. हे वाक्य मला पाठ होतं. ते मी लिहिलेलं होतं.

एकोणसत्तर साली मी सतरा वर्षांचा होतो. रत्नागिरीजवळ खाडीकाठी आमचं घर. अब्बांचे एक चुलतभाऊ मोंबासाला होते, हमदुल्लाचाचा. त्यांचे वडील लहानपणीच आफ्रिकेला गेले, तिकडेच वारले. चाचांचं पत्र आलं की डिसेंबरच्या बोटीनं मुंबईला येतोय, गावी येऊन वडिलांची जन्मखोली बघायची इच्छा आहे. आमच्याकडे सुतक पडल्यासारखं झालं. सातबाऱ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव अजून होतं. अब्बा म्हणाले, हिस्सा मागायला येतोय, खोली बघायला एवढा समुद्र कोण ओलांडतं. माझं अक्षर घरात सगळ्यात चांगलं, म्हणून पत्र मला लिहायला बसवलं. घराची दुरुस्ती चालू आहे, बसायलाही जागा नाही, पाहुण्यांचे हाल होतील.

ते तरीही आले. पत्र त्यांना मुंबईत मिळालं होतं, पण पाय थांबले नसतील. अब्बांनी त्यांना बेड्याबाहेरच, म्हणजे आवाराच्या फाटकाबाहेरच, गाठलं आणि मशिदीच्या कट्ट्यावर चहा पाजला. चाचा तिथून आमच्या घराकडे बघत होते. ना वाळूचा ढीग, ना गवंडी, एक कौलसुद्धा हललेलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, पत्र कोणी लिहिलं? अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चाचांनी खिशातलं फाउंटन पेन काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे तुझं, बेटा." चारच्या एसटीनं ते परत गेले. मी ते पेन एकदाही वापरलं नाही.

इटलीचं उत्तर मी साहेबांना दिलं. ते नाराज झाले, पण सरळ माणूस, दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच समजले. म्हणाले, मग आपण दुरुस्तीचा खर्च देऊ, लिही तसं. म्हणजे आगीत तेल. मी दार लावून घेतलं. सोळा वर्षांत साहेबांचं दार मी स्वतःहून कधी लावलं नव्हतं.

"सर, तिथे काही दुरुस्ती चालू नाही," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

मी सगळं सांगितलं. खोली, बोट, कट्टा, पेन. हे मी शहनाझलाही कधी सांगितलं नव्हतं, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी. साहेब ऐकत राहिले आणि मग चिडले. मला ते घर हवंय कशाला, ॲडलेडला माझी दोन घरं आहेत, म्हणाले.

"सर, चाचांचीही मोंबासात तीन दुकानं होती. आम्हाला काय ठाऊक?"

मग मी त्यांना हक्कसोडपत्र म्हणजे काय ते समजावलं. आमच्याकडे बहिणी भावांना लिहून देतात, तसं म्हाताऱ्यानं लिहून द्यायचं, की या घरावर माझा किंवा माझ्या मुलांचा हक्क नाही, पुढेही नसेल, मला फक्त खोली बघायची आहे. कायद्यात ते किती टिकेल ते मला माहीत नव्हतं. ते कायद्यासाठी नव्हतंच. मसुदा मी केला, म्हाताऱ्यानं ऑस्ट्रेलियात नोटरीपुढे सही केली, मार्बलवाल्या बाईंनी भाषांतर केलं.

बाराव्या दिवशी फॅक्स आला. तीन ओळींचा. दुरुस्ती संपली आहे. खोलीत पलंग घातला आहे. या.

साहेब फॅक्स घेऊन खिडकीशी गेले. मी बाहेर येऊन तिकिटं कन्फर्म केली. आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त बसून राहावंसं वाटत होतं.

जूनमध्ये म्हातारा दुबईत उतरला. विमानतळावर मीच गेलो होतो. व्हीलचेअरमधून त्यानं माझा हात चाचपला आणि हातात धरून ठेवला, पार्किंगपर्यंत. साहेबांनी त्याला काय सांगितलं होतं कोण जाणे.

ते रोमला गेले त्या गुरुवारी दुपारी मी नूरुद्दीनला फोन लावला. माझा धाकटा भाऊ, गावच्या घरात आता तोच असतो. म्हटलं, हमदुल्लाचाचांना बोलावायचंय.

"भाई, आता? इतक्या वर्षांनी?" तो म्हणाला. "आणि आल्यावर हिस्सा मागितला तर?"

अठ्ठावीस वर्षांनी तेच वाक्य, अगदी अब्बांच्या आवाजात. मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त.

"माझ्यातला देईन," मी म्हटलं. "खलास."

चाचा हयात होते. दुबईतल्याच देरा भागात रफिक म्हणून एक मोंबासावाला मसाल्याचा धंदा करतो, त्यानं चौकशी केली. वय शहात्तर, गुडघे गेलेले, दुकानं मुलांकडे. पत्ताही मिळाला.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मी पेन काढलं. निब सुकलेली होती. शहनाझनं गरम पाण्यात भिजवून दिली, कशासाठी ते न विचारता. माझी धाकटी माहनूर डोकावून म्हणाली, "पापा, जस्ट ईमेल देम ना." मी म्हटलं, त्यांना माझं अक्षर ओळखीचं आहे.

कागदावर सलाम लिहिला, तब्येतीची विचारपूस लिहिली. सोळा वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केलेला माणूस मी, पण पुढची ओळ लिहायला मला संध्याकाळ झाली.

हमदुल्लाचाचा, त्या डिसेंबरात आमच्या घराची कसलीही दुरुस्ती चालू नव्हती. ते मला लिहिताना माहीत होतं. तुमच्या अब्बांची खोली उगवतीकडची, खाडी दिसते ती. तिथे पलंग घातला आहे. या.