पहिला चर म्हातारीच्या दारात

म्हातारीच्या दारात चर खणला गेला, तो तिच्याच जिभेपायी. मास्तर होऊ घातलेली पोरंपोरी गावात सेवेला आली. सांडपाण्याचा चर कुठून सुरू करायचा, असं त्यांच्या सरांनी चारचौघांत विचारलं, तर ही पदर खोचून पुढं. "माझ्या दारापासून. गावात पहिलं काम माझ्याच दारात होतं." शेजारणीचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा कुठं तिच्या जिवाला थंडावा मिळाला.

पोरं कामाला वाघ. ऊन कलेपर्यंत अंगणाच्या तोंडाशी, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत आडवा, छातीएवढा खड्डा. गल्लीतलं काळं पाणी लागलीच त्यात उतरलं. येण्याजाण्याला म्हातारीनं आपली एक फळी चरावर आडवी टाकली. फळीवरून सगळी आत आली, हातपाय धुतले, पाणी प्यायली.

"चला आजी, निघतो," सर म्हणाले.

"निघतो? आणि पाइप?"

"ते पुढच्या वर्षीची तुकडी टाकेल. आमच्याकडं नुसतं खणणं होतं."

गोठ्यातून गाय हंबरली. सकाळपासून पाण्याविना होती. हौद चराच्या पलीकडं.

"पोटुशी आहे ती. फळीवरून नाचत जाईल का?"

"तेवढ्यापुरती माती ओढा की."

"कुठली माती?"

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. माती होती कुठं? पोरांनी ती पाट्या भरभरून शाळेत नेली होती. पटांगणातले खड्डे बुजवून, वर नाचून ती घट्टही केली होती. एका सेवेत दुसरी उरकली, म्हणून सरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

म्हातारी तडक चराशी गेली, फळी आत ओढली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"आजी, हा काय पोरखेळ? फाट्यावर शेवटची एसटी उभी आहे."

"असू दे. माझी गायपण उभीच आहे."

"सर, उडी मारू का?" एकानं विचारलं.

"मार की," म्हातारी म्हणाली. "सगळ्या गावाचं धुणं खाली वाट बघतंय तुझी."

पोरं फिदीफिदी हसली. सर घड्याळ बघून घामाघूम. शेवटी एक काटकुळी पोरगी हळूच म्हणाली, "सर, माझी आई अशीच आहे. ही उठायची नाही."

"बरं, माती परत आणतो. फळी तर टाका."

"टाकते. चपला-बूट इथं काढा. अनवाणी पळून कोण जातंय बघू."

अनवाणी पोरं शाळेकडं पळाली. घट्ट केलेलं पटांगण पुन्हा उकरलं, पाट्या वाहिल्या, गायीपुरती वाट भरली. गाय जपून पाय टाकत पलीकडं गेली आणि हौदात तोंड घालून पाणी ओढत राहिली. म्हातारीनं डोळे पुसले, कुणाला दिसणार नाही असे.

मागं वळली तर भरलेल्या वाटेशी तुंबलेलं काळं पाणी उलटून अंगणात शिरत होतं. चर नव्हता तेव्हापेक्षा जास्तच.

तेवढ्यात दूर हॉर्न वाजला आणि विरत गेला.

"गाडी गेली, आजी," सर खाली बसत म्हणाले. "आता उद्याच."

म्हातारीनं दारातल्या चपलांचा ढीग पाहिला. मग चुलीकडं पाहिलं. कुंपणावरून शेजारणीनं मान वर काढली.

"काय गं, पहिली पंगतपण तुझ्याच दारात का?"

म्हातारीनं पुन्हा पदर खोचला. आत जाऊन तिनं माळ्यावरचं मोठं पातेलं खाली ओढलं.