फोनमधली टकटक

संध्याकाळचं दूध काढून चिझुरू घरात आली, तेव्हा तिची लेक मिनोरी मोडेमसमोर उकिडवी बसली होती. मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि तो लुकलुकला की काय होतं ते आता चिझुरूलाही पाठ झालं होतं.

"परत?"

"परत." मिनोरीने मान वर केली नाही. "अर्धं काम गेलं आणि लाइन मेली. आई, मी तिकडच्या लोकांना रोज काय कारण सांगू? आमच्या डोंगरात संध्याकाळ झाली, असं सांगू?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवऱ्याचं घर सोडून मिनोरी साप्पोरोहून माहेरी आली होती. यंत्रांची माहितीपत्रकं जपानीत उतरवून द्यायची, हे तिचं काम. ते कुठेही बसून करता येत होतं, फक्त इंटरनेट हवं. आणि होक्काइदोच्या या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. होती ती खांबांवरून आलेली एक तांब्याची तार. फोनही तिच्यावरच आणि इंटरनेटही तिच्यावरच.

नवऱ्याशी काय बिनसलं ते चिझुरूने एकदाही विचारलं नव्हतं. पोर घरात आहे, वरच्या खोलीत दिवा जळतोय, एवढ्यावर ती खूश होती. ही मेली लाइन पोरीला परत पळवून लावणार, या धास्तीने मात्र तिची झोप उडाली होती.

तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. खरखर, आणि त्या खरखरीतून घड्याळासारखी एका चालीत येणारी टकटक. टक्… टक्… टक्…

करायचं ते सगळं तिने करून पाहिलं होतं. टेलिफोन कंपनीच्या बाईने सांगितलं, तशी सगळी जोडणी सोडवून नुसता फोन भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहिला. टकटक तशीच. वायर बदलली. फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी पांढरी डबी, तीही नवी आणली. गोठ्यात नेलेली जादा लाइन कापून टाकली. तेव्हा तिचा नवरा तेत्सुओ जेवता जेवता म्हणाला होता, "आता गाईच तेवढ्या काढून बघायच्या राहिल्यात."

मग भर दुपारी टेलिफोनवाला आला. यंत्र लावून बघितलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "लाइन एकदम स्वच्छ आहे, काकू." तो गेला, सूर्य डोंगराआड गेला आणि टकटक सुरू झाली.

रिसीव्हर ठेवून चिझुरू पुन्हा गोठ्यात गेली, ती कालवडींना चारा टाकायला. खिळ्याला टांगलेला जुना रेडिओ हवामान सांगत होता. त्यातही टकटक! तीच चाल. तिने रेडिओ खिळ्यावरून काढला. अंगणात नेला तर आवाज वाढला. रस्त्यावर नेला तर आणखी वाढला. रेडिओ पोटाशी धरून, एखाद्या वासरामागे जावं तशी ती त्या आवाजामागे चालत राहिली. शेजारच्या ओनोदेरांच्या मक्यापाशी पोचली तेव्हा रेडिओत दुसरं काही ऐकूच येईना.

मुरवून गुरांना घालायचा, मुरघासाचा मका दोन पुरुष उंच झाला होता. अस्वलं येऊ नयेत म्हणून ओनोदेरा त्याच्याभोवती तारा ओढून अंधार पडता पडता त्यांत वीज सोडणारं झटका मशीन सुरू करायचे. पण कुंपणाखाली गवत माजून तारांना भिडलं होतं, आणि ओढ्याच्या बाजूला कुंपणाचा एक खांब कलंडून तार थेट टेलिफोनच्या खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेवर टेकली होती. तिथे निळी ठिणगी उडत होती. ठिणगी उडाली की रेडिओत टक्.

चिझुरूने तिथूनच ओनोदेरांचं घर गाठलं. तेत्सुओ आणि ओनोदेरा यांचं बांधावरच्या चरावरून बिनसलं होतं, तेव्हापासून या दाराशी ती कधी आली नव्हती.

ओनोदेरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. सत्तरीचा, वाळक्या अंगाचा माणूस. दाराच्या चौकटीला हात लावून उभा. "म्हणजे," ते म्हणाले, "तुमच्या पोरीचा कॉम्प्युटर चालावा म्हणून मी म्हातारबाला जेवायला बोलावू?"

अस्वलाचं नाव तिथे कुणी घेत नाही. म्हातारबा म्हणतात.

"मशीन बंद करा म्हटलं का मी? गवत कापा म्हणतेय. तुमचं मशीन म्हातारबाला झटके देत नाहीये ओनोदेरासान, गवताला देतंय. एवढं गवत माजू देणाऱ्याने मका पेरूच नये!"

आत त्यांची बायको फुसाए हातातलं भांडं पुसायची थांबली. ओनोदेरांचा चेहरा तांबडा झाला. "तेत्सुओने पाठवलंय तुम्हाला?"

"मला कुणी पाठवावं लागत नाही."

दार तिच्या तोंडावर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालवडींना पाण्यावर घेऊन गेली, तर एकही कालवड ओढ्यात उतरेना. चिझुरू पुढे झाली. चिखलात पाऊल उमटलं होतं, तिच्या गमबुटापेक्षा मोठं, नखांच्या खोबणींसकट. त्यात अजून पाणी पाझरत होतं. ते मक्याच्या दिशेने गेलं होतं.

तेत्सुओने गावच्या कचेरीत फोन केला. शिकारी उद्या येतील, असं उत्तर मिळालं. "ओनोदेरांना सांगायला हवं," चिझुरू म्हणाली. तेत्सुओ बूट चढवून गोठ्याकडे गेला. तिने रिसीव्हर उचलला, कालचं बंद झालेलं दार आठवलं, आणि तो खाली ठेवला. त्यांचं मशीन तर चालू असतं, तिने मनाशी म्हटलं. आज रात्रीपुरतं काय होतंय!

संध्याकाळी तेत्सुओ गाडी घेऊन दूध संघाच्या बैठकीला गेला. चिझुरूने दूध काढलं, बूट उतरवले, आणि सवयीने रिसीव्हर कानाला लावला.

आवाज नव्हता. खरखर नाही, टकटक नाही.

वरून मिनोरी ओरडली, "आई! जातंय! सगळं जातंय, एकदाही तुटलं नाही! काय केलंस तू?"

चिझुरूच्या तोंडावर हसू फुटलं. ते तिथेच थिजलं. बाहेर काळोख दाटत होता, झटका मशीन सुरू करायची वेळ होऊन गेली होती, आणि तार मुकी होती. खिडकीतून लांबून गवत कापायच्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

तिने ओनोदेरांचा नंबर फिरवला. फोन फुसाएने उचलला.

"फुसाएसान, ओनोदेरासान कुठे आहेत?"

"कुठे असणार? गवत कापायला गेलेत. रात्रभर तणतणत होते, दिवसभर तोंड फुगवून बसले, आणि आत्ता अंधारात निघाले. तुमचंच पुण्य."

"झटका मशीन?"

"बंद केलंय. चालू तारेखाली गवत कसं कापायचं?"

"कुठल्या बाजूला गेलेत?"

"ओढ्याच्या."

"नीट ऐका. ओढ्यात पाऊल होतं. आज सकाळचं. ताजं."

मग फुसाए म्हणाली, "आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

तेवढ्यात बाहेरची घरघर एकदम थांबली. फुसाएनेही ते ऐकलं असावं. तिने बारीक आवाजात नवऱ्याला हाक मारली, जणू तो शेजारच्या खोलीत होता.

"घराबाहेर पडू नका," चिझुरू म्हणाली. "डबे वाजवा, पातेली वाजवा. मी निघाले."

गाडी नव्हती, ट्रॅक्टर होता. शेण उचलायचं लोखंडी खोरं पुढे लावलेला. तिने सगळे दिवे लावले, भोंग्यावर हात ठेवला आणि शेतरस्त्याने निघाली. ट्रॅक्टर पळवून पळवून किती पळणार! भोंगा दरीत घुमून परत येत होता आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, पलीकडून कुणी ओरडतंय.

ओढ्याच्या कडेने वळल्यावर उजेड मक्यावर पडला. कापलेल्या गवताचा पट्टा दिसत होता, तो मध्येच संपला होता. माणूस नव्हता. भोंगा थांबवून तिने हाक मारली, "ओनोदेरासान!"

"उतरू नका!" आवाज खालून, चरातून आला. "वाटेल ते झालं तरी उतरू नका!"

आणि मग तिला वास आला. ओल्या कुत्र्याचा, त्यात काहीतरी कुजकं. चराच्या पलीकडे मक्याची ताटं हलत होती. वारा नव्हता. एक ताट कडाडून मोडलं, आणि त्यामागून ते उभं राहिलं. उजेडात त्याचे डोळे हिरवे दिसत होते. मोठं, अगदी निवांत, तोंडात कणीस. चर आणि ते यांच्यामध्ये फार तर एका खोलीएवढं अंतर होतं.

चिझुरूचा पाय पेडलवर होता आणि तो तिने दाबला. ट्रॅक्टर गर्जत पुढे सरकला. अस्वलाने फुस्स करून श्वास सोडला, जबडा आपटला. ते मागे हटेना. ती थांबेना. थांबायचं कसं, तेच तिला त्या घटकेला आठवत नव्हतं. तिने खोरं वर घेतलं, खाली आपटलं, पुन्हा वर घेतलं. लोखंडाच्या त्या खणखणाटाला अस्वलाने तोंड फिरवलं, पुढचे पाय जमिनीला टेकले, आणि ताटं मोडत ते ओढ्याकडे गेलं. पाण्याचा आवाज आला. मग पलीकडच्या रानाचा.

चरात ओनोदेरा पाय धरून बसले होते. हातात बंद पडलेलं मशीन भाल्यासारखं धरलेलं. "पेट्रोल संपलं," ते म्हणाले. "मागे फिरलो, पाय मुरगळला."

तिने खोरं चरात उतरवलं. ते कण्हत त्यात चढून बसले आणि तिने त्यांना वर उचललं. तसेच, हवेत तरंगत, रस्त्याकडेच्या झटका मशीनपर्यंत ती त्यांना घेऊन आली. खोरं खाली घेतल्यावर ते कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाले, "मका सोडून ते जायचं नाही. परत येईल. मशीन चालू करायला हवं." मग अडखळले. "तो खांब अजून तसाच कलंडलाय. तुमच्या पोरीची लाइन जाईल."

चिझुरूला ते ठाऊक होतं. ती ट्रॅक्टरवरून उतरली, झाकण उघडलं आणि बटण दाबलं. लांब, टेलिफोनच्या खांबापाशी, निळी ठिणगी उडाली.

घरी पोचली तेव्हा मिनोरी अंगणात बापाचे बूट घालून उभी होती. तिने भोंगा ऐकला होता, सगळे दिवे लावून ठेवले होते.

"काम गेलं का गं?" चिझुरूने विचारलं.

"थोडं राहिलं. मग तुटलं."

"मीच तोडलं. मशीन मीच चालू केलं. आणि सकाळी मी त्यांना सांगितलं असतं, तर…"

मिनोरी पुढे आली. तिने आईचे हात धरले. "आत चल," ती म्हणाली. "मिसोचं सूप गरम केलंय."

शिकारी आले. त्यांना अस्वल काही सापडलं नाही, नुसती विष्ठा सापडली, मक्याच्या दाण्यांनी भरलेली. त्याआधीच, पहाटेचं दूध झाल्या झाल्या, तेत्सुओ एक नवा खांब खांद्यावर टाकून ओनोदेरांच्या कुंपणाकडे गेला होता. ओनोदेरा काठी टेकत आले. दोघांत म्हणे "जरा डावीकडे" आणि "बास" एवढंच बोलणं झालं. पण उरलेलं गवत तेत्सुओनेच कापलं. चिझुरू मात्र फुसाएची माफी मागायला गेली. फुसाएने ती लगेच काही दिली नाही. चहा दिला.

लाइन सुधारली. मिनोरीचं काम एकदाही अडलं नाही. आणि तरीही, पहिला बर्फ पडायच्या सुमारास तिने साप्पोरोत खोली घेतली. तेत्सुओ गोठ्यात अडकला होता, म्हणून स्टेशनवर सोडायला ओनोदेरा आपली गाडी घेऊन आले, आणि सामान चढवताना कुरकुरत राहिले, "एका माणसाची एवढी पुस्तकं? बैलगाडी सांगायची होती."

"लाइनमुळे नाही ना जात?" चिझुरूने खिडकीशी वाकून विचारलं.

"नाही गं आई. मला तिकडेच राहायचंय. एकटीने. इथे आले नसते, तर ते कळलं नसतं."

चिझुरूने मान हलवली. पटलं होतं, आवडलं नव्हतं. ओनोदेरांनी गाडी सुरू केली. रस्ता निसरडा झाला होता. "सावकाश न्या," ती म्हणाली.

"भोंगा वाजवत नेतो," ओनोदेरा म्हणाले, आणि गाडी निघाली.