लांबचा शॉट

देवमनने कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय विहिरीपासून चाळीस पावलांवर मातीत रोवले, तेव्हा सरपंच महादेवराव त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"इतक्या लांबून काय दिसन?"

"सगळंच दिसन."

महादेवरावांना नेमकं तेच नको होतं. हिवरखेडच्या अलीकडल्या या गावात नवी विहीर बांधून झाली होती, कठड्यावर 'सर्वांसाठी खुली' अशी अक्षरं रंगवली होती आणि १९६१ च्या त्या वैशाखात एका सरकारी खात्याने तिच्यावर माहितीपट काढायला घेतला होता. पण विहिरीपासून थोडं दूर, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, बौद्ध घरांतल्या पाच बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. कोणी दया करून वरून पाणी ओतलं तरच त्यांची घागर भरायची. धर्म बदलून त्यांना पाच वर्षं होत आली होती. विहिरीवर काही बदललं नव्हतं.

दिग्दर्शक ओमप्रकाशजींनी सकाळीच तोडगा काढला होता. "हातांचा क्लोज-अप घे. दोर ओढणारे चार हात, घागरीत पडणारं पाणी. बाकीचं प्रेक्षक मनात जुळवून घेतो. हातांवर जात लिहिलेली नसते."

चारही हात महादेवरावांच्या घरातले होते. त्यातल्या दोन हातांतल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून काचेच्या बांगड्या चढवल्या होत्या.

देवमनने तो शॉट सकाळीच मुकाट्याने घेतला होता, आणि चोख घेतला होता. ऊन बाजूने येईल असा कॅमेरा लावला, त्यामुळे पाण्याचा थेंब न थेंब उजळून निघाला. मुंबईच्या स्टुडिओत सहा वर्षं दिवे उचलताना तो हेच शिकला होता. जवळून दाखवलं की माणूस विश्वास ठेवतो, चौकटीबाहेर काय राहिलं ते विचारत नाही. भिंगावरून डोळा काढला की त्याला बाभळीखालच्या बाया दिसत होत्या. अकोल्याजवळच्या त्यांच्या गावी त्याची आईही अशीच घागर घेऊन बसायची.

"आता लांबचा शॉट," तो ओमप्रकाशजींना म्हणाला. "विहीर कुठे आहे, भोवती कोण आहे, हे कळल्याशिवाय नुसते हात अधांतरी राहतील. संकलक ओरडेल."

ओमप्रकाशजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाभळीकडे.

"त्या बायांना हलवा," ते महादेवरावांना म्हणाले.

महादेवरावांनी नुसता हात झटकला. चार बाया उठून आपल्या वस्तीच्या वाटेला लागल्या. पाचवी, चाळिशीची पंचफुला, बसून राहिली.

देवमन तिच्यापाशी गेला. "बाई, उठू नोका. अशाच बसा. मी सगळं घेतो. दिल्लीचे लोक पाहतीन इथं काय चालू हाय ते."

"तू कोनाचा?"

"अकोल्याकडचा. आपल्यातलाच हाव."

तिने त्याचा इस्त्रीचा बुशशर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. "मंग तुले लाज नाई वाटत? मी भीक मागाले बसल्यावानी बसू, अन् तू ते दिल्लीले दाखवशीन?"

ती त्याच्या पलीकडे, कॅमेऱ्याकडे पाहत होती.

"थे मशीन चालू असलं का हे लोक काई करत नाईत ना?"

"सरकारी मशीन हाय. त्याच्यासमोर नाई करनार."

"मंग जा. चालू कर."

तो परत आला.

"उठली नाई थे?" महादेवरावांनी विचारलं.

"उठते म्हणाली."

देवमनने बटण दाबलं. कॅमेरा घरघरू लागला. पंचफुला उठली, घागर कमरेवर घेतली आणि विहिरीकडे चालू लागली. जवळच्या पारावर बसलेली गावातली माणसं ताडकन उभी राहिली. महादेवराव पुढे झाले.

"तुमी चित्रात येऊन राहिले," देवमन डोळा न काढता म्हणाला. "दिल्लीच्या सरकारले दिसान."

ते जागच्या जागी थांबले. पंचफुलाने बादली सोडली. रहाट करकरला. घागर भरून तिने कठड्यावर ठेवली आणि वाटेवर थबकलेल्या चौघींना हात केला. त्या घाबरत, एकमेकींना धरून परत आल्या.

कॅमेऱ्यात चार मिनिटांची फिल्म होती. दुसरीची घागर अर्धी झाली आणि आतून टक्‌ असा आवाज आला. फिल्म संपली. मोटार तेवढी फिरत होती, हलक्या, पातळ आवाजात. देवमनने बोट उचललं नाही.

तो आवाज ओमप्रकाशजींनीही ओळखला. त्यांची मान वळली.

"झालं का नाई?" महादेवरावांनी दातओठ खात विचारलं.

ओमप्रकाशजींनी घाम पुसला. तिघींच्या घागरी अजून रिकाम्या होत्या.

"चालू आहे," ते म्हणाले.

पंचफुलाच सगळ्यांसाठी दोर ओढत होती. पाचवी घागर भरत आली. मग महादेवराव बायांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "हे लोक जीपमंधी बसून जातीन. तुमाले इथंच राहाचं हाय."

पंचफुलाचा दोरावरचा हात थांबला.

देवमनने बटण सोडलं आणि वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऊन डोळ्यांत खुपत होतं.

"साहेब, उजेड बरोबर नाही मिळाला," तो ओमप्रकाशजींना म्हणाला. "उद्या पुन्हा घ्यावा लागेल. कदाचित परवाही."