तीन रेषांचा बिंदू

दादाच्या दाराशी पोचेपर्यंतच धाकटीला पुरेपुरे झालं होतं. बहीणभावाची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली, हे आज त्याला सांगायचं होतं, आणि जीभ उचलत नव्हती.

दोघंही गणिती. तो निवृत्त, ती त्याच वाटेवर. रविवार आला की त्याच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे. एखादा पृष्ठभाग जिथे टोक येऊन बिघडतो, ती जागा उलगडली की आतून वक्ररेषा निघतात. कोण कोणाला छेदते, याची आकृती काढायची. दादा जुन्या वळणाचा. तो रेषेची रेषाच काढायचा आणि त्या भेटतील तिथे ठिपका द्यायचा. धाकटीच्या पिढीचा कारभार उलटा: रेषेचा ठिपका करायचा आणि भेटणारे ठिपके रेघेने जोडायचे. दोन्ही रीती बरोबर, पण एकीची आकृती दुसरीने वाचली की वाटोळं. परवा तिला दिसलं, नेमकं तेच झालं होतं. दादाच्या तीन रेषा एकाच बिंदूत भेटत होत्या. तिने तो ठिपकाच चौथी रेषा समजून तिच्यावर तिघींना टांगलं होतं. पुढची सगळी सिद्धता त्या आकृतीवर उभी होती.

वहिनीने दार उघडलं. धाकटीने बसल्या बसल्या एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने पुढे केलेल्या कागदाकडे दादाने पाहिलंसुद्धा नाही.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यातच लक्षात आलं होतं."

धाकटीला खरोखर राग आला. तेव्हापासूनचे सगळे रविवार, पाठदुखी, घरी नवऱ्याची बोलणी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग तोंडात मिठाची गुळणी का धरली होतीस, असं तिने विचारलं.

दादाने चष्मा काढून पुसला.

"सांगितलं असतं तर काम संपलं असतं. मग तू कशाला आली असतीस?"

भांडायला तिच्याकडे शब्द होते, अंगात त्राण नव्हतं. शिवाय तो खोटं बोलत नव्हता. तो आजारी होता तेव्हाही ती कागद घेऊनच आली होती. तिला स्वतःची लाज वाटली. वहिनी चहा ठेवून आत गेली.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," चहा संपवून धाकटी म्हणाली.

दादाने मान हलवली.

"रविवारी मी दिवसभर झोपणार आहे. मंगळवारी येते. आणि हे टेबल आवरून ठेव, दादा. कागद बघवत नाहीत मला आता."