सोललेली द्राक्षं आणि सहा युनिट

सारसोळ्याच्या मैदानावरच्या मंडपात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. श्यामसुंदर महाराज औषधाविना साखर उतरवतात, अशी कीर्ती नेरूळभर पसरली होती. दाराशी एपीएमसी मार्केटमधून आलेल्या द्राक्षांच्या पेट्या. मधुमेह्याने पाच द्राक्षं आपल्या बोटांनी सोलून देवाला वाहायची, एकही खायचं नाही आणि हात मुळीच धुवायचे नाहीत. धुतले तर पुण्य वाहून जातं म्हणे! मग शिष्य कल्पेश बोट टोचून मशीनवरचा आकडा माइकवर सांगायचा. तासभर भजन, त्यानंतर तीर्थाने हात धुऊन पुन्हा टोचणी. चारशेचे दीडशे, पाचशेचे एकशे ऐंशी. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मासळी विकणारी दमयंती अकरा वर्षांच्या रुतिकाला घेऊन आली होती. पोरीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. तीन वर्षं रोज चार सुया. परवा ती फ्रॉक घट्ट धरून म्हणाली होती, "आये, आता नको ना." त्या दिवशी दमयंतीचा धीर सुटला. कोणी सांगेल तिथे जायला ती तयार होती.

रुतिकाने पाच द्राक्षं सोलून वाहिली. तिचा आकडा आला चारशे अडुसष्ट. महाराजांवर दमयंतीचा अर्धाच विश्वास होता, मशीनवर मात्र पुरा. डॉक्टरांचा हिशेब तिला पाठ होता: दीडशेच्या वर दर पन्नासला एक युनिट इन्सुलिन. मंडपामागे जाऊन तिने पोरीला सहा युनिट टोचली.

भजन संपलं. तीर्थाने हात धुऊन झाल्यावर कल्पेश ओरडला, "चारशे अडुसष्टचे सेहेचाळीस!" मंडप उसळला. रुतिका घामाने निथळत होती, थरथरत होती, भलतंच काही बरळत होती.

"माता प्रकट झाली!" महाराज उभे राहिले. "साखर शरण आली! कोणी शिवू नका!" बायकांनी हात जोडले.

"माता नाय, साखर पडलीय तिची!" दमयंती किंचाळली. "गोड द्या कोनीतरी!"

गोड कुठून मिळणार? साखर, बिस्किटं चपलांबरोबर बाहेर ठेवायचा नियम होता. ती देवापुढच्या ताटावर झेपावली.

"अहो ताई, वाहिलेली आहेत ती!" कल्पेशने तिचा हात धरला. तिने तो झिडकारला आणि द्राक्षं पिळून रस पोरीच्या तोंडात सोडू लागली. "गिळ गं बाय, गिळ." दिलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. दमयंती भीतीने अर्धमेली झाली होती. पोरीचा गळा हलतो का, एवढंच ती पाहत होती.

पंधरा मिनिटांनी पोरीचं बोट धुऊन तिने पिशवीतल्या आपल्या मशीनवर पाहिलं. एकाहत्तर. रुतिका आईला ओळखू लागली. कोणीतरी रिक्षा आणायला धावलं आणि तेव्हा कुठे दमयंतीला हिशेब सुचला. सहा युनिटांनी उतरणार तीनशे. मग उरायला हवेत एकशे अडुसष्ट. सेहेचाळीस कसे? म्हणजे पहिला आकडाच खोटा!

तिने रसाने माखलेलं आपलं बोट टोचलं. तिला मधुमेह नव्हता. आकडा आला तीनशे नव्वद. मग नळाच्या पाण्याने हात धुतले, पदराला पुसले, दुसरं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"श्रद्धेत खोट आहे बाईच्या," महाराज म्हणाले.

"बोटाला खोट हाय, बोटाला! द्राक्षाचा रस रगतात मिसळतो, म्हनून आकडा चढतो. हात धुतला की उतरतो. तुमाला ठाव होतं, म्हनून तर हात धुवू देत नव्हता!"

पुढच्या रांगेतले म्हातारे नामदेव कष्टाने उठले. "पोरी, मी चार दिवस सुई घेतली नाय. इथं आकडा उतरला, त्या भरवशावर."

रिक्षा आली. रुतिकाला खांद्यावर टाकून दमयंतीने कल्पेशच्या हातातला माइक ओढला.

"आजोबा, तुमी पन चला दवाखान्यात. आनि बाकीच्यांनी ऐका. आधी हात धुवा, पुसा, मग टोचा. आकडा पटला नाय तर परत टोचा, डॉक्टरला इचारा. मी इचारलं नाय. आज माजी पोर माज्या हातानं गेली असती."